फणीची कानातली

काकूंच्या संसाराला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं त्या एकच वाक्य घोकत होत्या. "अहो, आधी विचारा, मग करा." हे वाक्य शिक्केकाका दरवेळी मान डोलावून ऐकायचे. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

शिक्केकाका म्हणजे काकूंचे यजमान. तीस वर्षं त्यांनी रबरी शिक्के बनवले, म्हणून गल्लीने त्यांचं हे बारसं केलं होतं. शिक्क्यांचं काम आटलं तेव्हा दुकान विकून त्यांनी लेझरचं मशीन घरी आणलं. कुणाला विचारून आणलं, हे सांगायला नकोच. काकू तोवर हाडाचे दागिने एकट्याच बनवत होत्या. म्हशीचं हाड उकळायचं, त्यातली चरबी काढायची, घासून गुळगुळीत करायचं, मग कोरायचं आणि रंगवायचं. मशीन आल्यावर कापणं-कोरणं काकांकडे गेलं आणि रंग काकूंकडे राहिला. मागच्या खोलीत मशीन सुरू झालं की जळक्या नखांचा वास जिन्यापर्यंत जायचा. वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून विचारायच्या, "काकू, आज कुणाचे केस जाळताय?" काकू मनातल्या मनात ज्याचं नाव घ्यायच्या त्याला केस फारसे उरलेच नव्हते.

तर अशा या घरात एक मुलगी आली. तिशीची असेल. तिने पिशवीतून एक जुनी हाडाची फणी काढली. अर्धे दात गेलेले, मधोमध तडा, रंग पिवळा पडलेला. सोबत चिठ्ठीचा एक चिटोरा होता. त्यावर निळ्या शाईत दोनच शब्द होते, घाईघाईत लिहिलेले, शेवटच्या अक्षराची मात्रा कागदाबाहेर पळणारी. "जेवून घे."

"फणी आईची आहे, अक्षरही तिचंच," मुलगी म्हणाली. "मी कामावरून उशिरा यायचे, तेव्हा ताटावर ठेवायची. एवढी एकच चिठ्ठी राहिली. काकू, यातून कानातली होतील?"

काकूंनी फणी उजेडात धरली. दातांच्या वरचा भरीव भाग जेमतेम थेंबाच्या आकाराच्या दोन तुकड्यांपुरता होता. "होतील. पण दोनच तुकडे निघतील. तिसरा नाही."

"बिघडलं तर?"

"बिघडणार नाही," काकू म्हणाल्या. हा शब्द त्यांनी स्वतः दिला होता, कुणी वदवून घेतला नव्हता. शनिवारी पाचला न्यायला ये, असंही त्यांनीच सांगितलं. त्या दिवसापासून घरात त्या मुलीचं नाव फणीवाली पडलं.

चार दिवस काकूंनी नुसता रंग जुळवला. चिठ्ठीतला निळा तसाच्या तसा हवा होता, पण पिवळ्या हाडावर निळा गेला की तो हिरवट दिसतो. टाकाऊ तुकड्यांवर त्यांनी नऊ वेळा रंग भरून पाहिला. शेवटी जांभळ्याचा एक थेंब घातल्यावर तो निळा बॉलपेनचा निळा झाला. काकांनी फणीतून कापून दिलेल्या दोन्ही थेंबांवर त्यांनी मेणाचा पातळ हात दिला, कारण हाड म्हणजे टीपकागदच. मेण नसेल तर रंग कोरलेल्या रेघेत न थांबता चहूकडे पसरतो. सगळी तयारी करून शनिवारी सकाळी त्यांनी तुकडे काकांच्या हवाली केले.

"दोन्ही तुकड्यांवर दोन्ही शब्द. चिठ्ठीत आहेत तसे. काही शंका असेल तर—"

"आधी विचारीन," काका म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली.

काकांनी विचारलं नाही, कारण त्यांना शंकाच आली नाही. कानातल्यांचा एक नियम असतो. एका कानातला पक्षी डावीकडे बघत असेल, तर दुसऱ्या कानातला उजवीकडे बघायला हवा, म्हणजे जोड शोभतो. म्हणून काका प्रत्येक जोडातला दुसरा तुकडा कॉम्प्युटरवर उलटा करायचे. पक्षी, पानं, वेली सगळं उलटं झालं तरी चालत होतं. त्या दिवशी त्यांनी सवयीने दुसऱ्या तुकड्यावरची अक्षरं उलटी केली. दुसऱ्या कुणाच्या नजरेला ते लगेच खटकलं असतं. पण शिक्क्यावर अक्षरं उलटीच कोरावी लागतात, आणि तीस वर्षं तेच वाचलेल्या डोळ्यांना उलटं अक्षर अगदी घरचं वाटतं. काकांनी भिंग लावून दोन्ही तुकडे तपासले आणि ते खूश झाले.

काकूंच्याही लक्षात आलं नाही. तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं, त्यात काजळी बसलेली. त्यांनी ब्रशने काजळी झाडली, एकेका रेघेत रंग सोडला आणि सुकायला ठेवलं. दुपारी दोन वाजता त्यांनी वरचा जादा रंग फडक्याने पुसला. पहिला तुकडा बघून त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. इतका नेमका निळा त्यांच्या हातून कधी उतरला नव्हता. मग त्यांनी दुसरा पुसला.

"अहो!"

काका चहाचा कप घेऊनच आले. "काय झालं?"

"हे वाचा."

काकांनी वाचलं. "जेवून घे." अगदी सरळ वाचलं, एकही अक्षर न अडखळता.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "उलटं आहे ते! उलटं!"

"अगं, जोड आहे ना," काका म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. "घासून काढू?"

"कशातून घासू? कागदासारखा पातळ तुकडा, रंग पार तळाला गेलाय. घासलं तर पलीकडून निघेल. मागून कोरलं तर भोक पडेल. तिची आई काय दुसरी फणी पाठवणार आहे का?"

"मी सांगतो तिला. चूक माझी आहे."

"तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मी कबूल केलं होतं तिला, मी!" काकूंचा आवाज चिरका झाला. रागाच्या खाली जे होतं ते आता वर येत होतं. परक्या पोरीने आईची शेवटची वस्तू विश्वासाने हातात दिली, आणि आपण तिची वाट लावली. त्यांना रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाही राग येत होता.

पाचच्या ठोक्याला फणीवाली आली. काकूंनी तीन तास जुळवलेली माफी तिला बघताच विस्कटली. त्यांनी डबी पुढे केली आणि म्हणाल्या, "एक चुकलंय. उलटं कोरलं गेलंय. दुरुस्त होणार नाही. मला माफ कर, बाळ."

मुलीने दोन्ही थेंब तळहातावर घेतले. मग हळूच म्हणाली, "घालून बघते."

काकूंनी गिऱ्हाइकांसाठीचा हातआरसा दिला. मुलीने आधी सरळ अक्षरांचं घातलं आणि आरसा गालाजवळ नेला. तिच्या कपाळाला आठी पडली. आरशात आईचं अक्षर ओळखूच येत नव्हतं. मग दुसऱ्या कानात तिने ते चुकलेलं घातलं, मान वळवली आणि आरसा तसाच धरून उभी राहिली.

"जेवून घे," तिने वाचलं.

आपल्या कानातलं आपल्याला आरशातच दिसतं, ही एवढी साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

"खरं म्हणजे मी मुद्दामच—" काकांनी सुरुवात केली. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचे शब्द त्यांनी चहाबरोबर गिळले.

मुलीने डोळे पुसले. सरळ अक्षरांचं कानातलं तिने काढलं आणि पुन्हा डबीत ठेवलं.

"अगं, ते तर बरोबर आहे!" काकू कळवळल्या. "तेच घाल की. लोक वाचतील."

"म्हणूनच नको, काकू," मुलगी म्हणाली. "ते तिने मला म्हटलंय."

एका कानात चूक घालून ती जिना उतरली. काकूंनी हयातीत भरलेला सर्वांत चोख निळा तिच्या पर्समध्ये, डबीत, झाकण लावून गेला.