अरादच्या चिमण्यांची सकाळ

"पक्ष्याचं रक्त खोटं बोलत नाही, पण ते कधी घेतलं हे आपण विसरतो," पूर्णिमा एकदा म्हणाली होती.

ती कोल्हापूरची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली, लग्न झालं, आणि बँकेत नोकरी करणाऱ्या दत्तप्रसादबरोबर बहरीनला आली. उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये वर्षं गेली ती शेजारच्या मुलांना बायॉलॉजी शिकवण्यात. पेशी, केंद्रक, गुणसूत्र हे शब्द ती असे उच्चारायची, जणू कुणीतरी ते तिच्याकडून काढून घेणार आहे. मुलगी आर्या मोठी झाली, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. मग पूर्णिमाने एका प्रयोगशाळेत अर्ज टाकला. चाळिशी ओलांडल्यावर मिळालेली तिची ही पहिली नोकरी. करार वर्षाचा.

प्रयोगशाळेचे प्रमुख अझहर सर मूळचे चिपळूणचे. तिच्याशी मराठीत बोलायचे, रागावले की इंग्रजीत. काम चिमण्यांवर होतं. अरादच्या घरांवरून दिवसभर विमानं उतरतात. बुदय्याच्या खजुराच्या बागा त्यामानाने शांत. दोन्हीकडे लाकडी पेट्या टांगलेल्या, त्यांत चिमण्यांची घरटी. गोंगाटात वाढलेल्या पिल्लाची जनुकं वेगळी वागतात का, हा प्रश्न. जनुकाची अक्षरं बदलत नाहीत. त्यांच्यावर मेथिल नावाची एक बारीक खूण बसते, आणि जिथे ती बसते तिथलं जनुक बऱ्याचदा गप्प होतं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींतही केंद्रक असतं, म्हणून हे सगळं वाचायला पिल्लाच्या पंखाखालचा रक्ताचा एक थेंब पुरतो.

निकाल आला तेव्हा अझहर सरांनी हलवा मागवला. तणाव आवरणारं एक जनुक अरादच्या पिल्लांमध्ये बरंच गप्प होतं, खुणाही तिथे जास्त होत्या. शोधनिबंधावर पहिलं नाव पूर्णिमाचं असणार होतं. पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं ते ऐकायला येणार होती, आणि तिचा करार वाढवायचा की नाही हे त्याच बैठकीत ठरणार होतं.

ईदनंतर ती सहज अरादला गेली. पेट्या अदीबा नावाच्या विधवा बाईंच्या भिंतीवर होत्या. यावेळी ती सकाळी गेली, आणि शिडीवर चढून पेटीतली नव्या विणीची पिल्लं पाहिली तर ती अरादचीच आहेत हे तिला ओळखू येईना. चोची आ वासलेल्या, गळ्याखालच्या पिशव्या दाण्यांनी फुगलेल्या, सगळा कल्लोळ. तिने पाहिलेली अरादची पिल्लं नेहमी पेंगुळलेली, धापा टाकणारी असत. डोक्यावरून विमान गेलं. विमान तेच होतं.

शिडीवरच तिच्या लक्षात आलं. पहिली वीण रमजानात होती. अदीबाबाईंचं घर रात्रभर जागं असायचं, दुपारपर्यंत झोपायचं. त्या महिन्यात सकाळी कुणाच्या दारावरची बेल वाजवत नाहीत, एवढी रीत इथे राहून सगळ्यांनाच कळते. म्हणून अरादचं रक्त नेहमी तिसऱ्या प्रहरी घेतलं गेलं. बुदय्याच्या बागेतले माळी पहाटेच कामाला लागत, म्हणून तिथलं सकाळी. जनुकं काही दिवसभर एका सुरात बोलत नाहीत. त्यांनी मोजलं होतं ते विमान, की ऊन, की भूक, की नुसती दुपार, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

अझहर सर ऐकून हसले. "पूर्णिमाबाई, चिमण्यांनाही रोजे होते म्हणायचं का?"

"त्यांना नव्हते, सर. आपल्याला होते."

ते म्हणाले, शेवटी एक ओळ टाकू, वेळेत थोडा फरक होता म्हणून. तिने सांगितलं की शेवटी नको, निकालच मागे घेऊ. दुसऱ्या विणीची पिल्लं येतायत, दोन्हीकडे सकाळीच रक्त घेऊ. सर इंग्रजीत बोलू लागले. अखेर म्हणाले, घ्या नवं रक्त, पण बैठक पुढे ढकलणार नाही.

घरी दत्तप्रसादने भाजी निवडता निवडता विचारलं, "कोण बघायला येणार आहे गं, किती वाजले होते ते?"

"मी गेले ना बघायला," ती म्हणाली, आणि पहाटेचा गजर लावला.

अदीबाबाईंनी तिला फाटकाची किल्लीच देऊन टाकली. तू चोर असतीस तर इतक्या लवकर उठली नसतीस, असं त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. एकेक पेटी होत गेली. पिल्लू नऊ दिवसांचं झालं की रक्त घ्यायचं, हा कामाचा नियम. आधी नाही, नंतर नाही. अरादची एकच पेटी उरली, आणि तिचा नववा दिवस नेमका बैठकीच्या दिवशी आला. तिने बैठक दुपारी घ्या म्हणून विनवलं. ती सकाळी आठलाच ठेवली गेली, आणि तयारीसाठी तिला पहाटेच बोलावलं गेलं.

त्या सकाळी पडद्यावर जुनाच आलेख होता. अझहर सरांनी तिला तो समजावून द्यायला उभं केलं. पाहुणे प्रसन्न होते. पूर्णिमा पडद्याकडे वळली नाही.

"हा फरक विमानांमुळे आहे असं मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली, आणि वेळेची सगळी चूक सांगितली. ती स्वतःचीच आहे, असंही सांगितलं.

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, मग वर्षभरात सापडलं काय?

"अजून काही नाही. नवी मोजणी चालू आहे."

अझहर सर आवाज खाली आणून मराठीत बोलले, बाकीच्यांना कळू नये म्हणून. "बसा आता. तुमच्या कराराचा विषय पुढचाच आहे. तुम्ही समोर असलात तर मला काही बोलता येईल."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजत आले होते. खिडकीच्या काचेवर ऊन चढू लागलं होतं, आणि अरादच्या पेटीत ते यायला फार वेळ नव्हता. तिने खुर्ची आत सरकवली, दार उघडलं आणि अदीबाबाईंच्या फाटकाची किल्ली हातात घेऊन बाहेर पडली.