रिसोडचं स्वागतगीत

वाशीमहून रिसोडची एस.टी. सुटली तेव्हा आजी खिडकीशी बसली होती आणि मी खुशीत होते. कित्येक वर्षं ती म्हणत होती, एकदा रिसोडले ने. तिचं लहानपण तिथलं. पुण्यात वाढलेल्या मला वाटलं, जुनी शाळा पाहू, तिच्या मैत्रिणीला भेटू, आजी आनंदाने परतेल.

सोयाबीन निघून गेलं होतं. काळ्या मोकळ्या रानांत तुरीचे पिवळे पट्टे तेवढे उभे होते. अर्ध्या वाटेवर गाडी बंद पडली. आम्ही काळीपिवळीत (वडापच्या जीपमध्ये) कोंबून बसलो. शेजारच्या बाईने आजीला गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर ती बाहेर पाहू लागली आणि रिसोड येईपर्यंत वळली नाही.

स्टँडवर आम्ही आलूबोंडे खाल्ले. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आजी सोबतची मिरचीही चावून खात होती. खाताखाताच तिने ती गोष्ट सांगितली.

ती चौथीत होती. घर नुकतंच बौद्ध झालेलं. तिच्यासारखा आवाज शाळेत कुणाचाच नव्हता. दिपोटी (शाळा तपासायला येणारे साहेब) येणार म्हणून गुरुजींनी तिच्याकडून स्वागतगीत बसवून घेतलं. आदल्या दिवशी गावातल्या बड्या मंडळींनी बजावलं, या पोरीला साहेबांपुढे उभी करायची नाही. गुरुजींनी तोड काढली. आजीची जिवाभावाची मैत्रीण कमळा इतर मुलींसोबत पुढे उभी राहून ओठ हलवत होती आणि आजी खिडकीबाहेर भिंतीला चिकटून गात होती. साहेबांनी कमळाची पाठ थोपटली, पितळी तांब्या बक्षीस दिला.

मी आजीला कधी अंगाई म्हणतानाही ऐकलं नव्हतं. तिला आवाजच नाही, असं आम्ही घरात धरून चाललो होतो.

कमळाआजीचं घर बाजारापलीकडे होतं. तिच्या मुलाने, तोही आता पिकल्या केसांचा, आम्हाला खुर्च्या दिल्या. चहा आला. त्यांचा कपबशीत, आमचा कागदी ग्लासात. मी उठणार होते, आजीने माझा हात दाबला.

मुलगा कौतुकाने आईविषयी सांगू लागला. लहानपणी तिचा गळा असा होता की मोठे साहेब खूश झाले, बक्षीस देऊन गेले. नातवंडांनाही हे ठाऊक आहे. कमळाआजी चहात पाहत होती.

आजीने ग्लास खाली ठेवला. "कमळे, तू सांगतं का मी सांगू?"

मग कमळाआजी मुलाला म्हणाली, "मी नुसतं तोंड हालवत होती. आवाज इचा होता."

मुलगा ओशाळून हसला. लहानपणीच्या गोष्टी, मावशी, काय मनावर घेता, असं काहीसं पुटपुटला. माझं डोकं सणकलं. कमळाआजी रडत होती. डोळे पुसून तिने आजीला ते गाणं एकदा म्हणून दाखवायला सांगितलं.

"एकदा गायली तुह्यासाठी," आजी म्हणाली. "आता नाही गात."

ती उठली. मीही उठले. दोन्ही ग्लास तसेच भरलेले राहिले.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, निदान तिने खरं तरी सांगितलं. आजी माझ्यावरच चिडली.

"मी तिले माफ कराले गेली नव्हती. तिच्या पोराले माहीत व्हावं म्हून गेली होती."

तिने मन मोकळं करावं, हसावं, सगळं गोड व्हावं, ही हौस माझी होती. ती तिच्यावर लादायला मी निघाले होते, याचीच मला चीड येत राहिली.

घरी आईने विचारलं, कसं झालं रिसोड? मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. आजी ऐकत होती. एकदाच मध्ये बोलली.

"उनात उभी केली होती, हे बी सांग."