काचेतला एरंड

हिंजवडीहून विश्रांतवाडीला येणाऱ्या बसमध्ये एक बाई रोज माझ्या शेजारी बसत आणि काही विचारलं की तोंड खिडकीकडे फिरवून उत्तर देत. मला तो खास पुणेरी तुटकपणा वाटायचा.

एका संध्याकाळी बस बराच वेळ अडकली, तेव्हा उलगडा झाला. त्या एका प्रयोगशाळेत मोगली एरंडाची रोपं करायच्या. त्याच्या बियांच्या तेलाचं डिझेल करतात. कोवळ्या कोंबाचा तुकडा काचेच्या बाटलीत वाढवायचा, वाढला की पुन्हा कापायचा, हेच दिवसभर. उघड्या बाटलीवर श्वास पडला तरी आत बुरशी धरते, म्हणून बोलायचं ते तोंड फिरवून.

"आता घरीही तसंच होतं," त्या खिडकीच्या काचेला म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात मला खोकला आवरला नाही. आज त्या दिवसाच्या सगळ्या बाटल्या फेकल्या."

"रजा घ्यायची ना."

"अहो, वेळेवर कापलं नाही तर रोपं बाटलीतच पिवळी पडतात. त्यांना कुठे रजा कळते?"

ही रोपं शेतात कशी दिसतात, असं मी विचारलं.

"पाहिली नाहीत. मुळं फुटली की बाटल्या दुसरीकडे जातात. नऊ वर्षं झाली."

त्यांच्या थांब्यामागच्या कुंपणाला मोगली एरंडच होता, पुरुषभर उंच, धुळीने माखलेला. मी बोट दाखवलं. त्या उतरल्या आणि त्याच्यापाशी गेल्या. आमच्या बसने निघताना त्या झाडावर काळा धूर सोडला. त्यांनी एक पान हातात धरलं, तेवढ्यात खोकला आला, आणि त्यांनी घाईने मान दुसरीकडे वळवली.