पोटरीवरचे बुद्ध

आमच्या स्टुडिओत सामुराईचं चिलखत घडवायचं काम आलं, तेव्हा ते मी मागून घेतलं. परदेशी कंपन्यांच्या व्हिडिओ गेमसाठी आम्ही कॉम्प्युटरवर पात्रं, शस्त्रं, कपडे तयार करतो. सुरुवातीचे काही दिवस मी नुसते संग्रहालयांतले फोटो बघत होते. लोखंडाच्या आणि चामड्याच्या छोट्या पट्ट्या, त्यांवर लाखेचा लेप, आणि त्या एकमेकींना रेशमी दोऱ्यांनी गुंफलेल्या. लढाईला जाणारा माणूस शिरस्त्राणावर बौद्ध परंपरेतला एखादा उग्र रक्षक देव लावायचा, नाहीतर एखाद्या देवतेचं प्रतीक असलेलं संस्कृत बीजाक्षर. ही अक्षरं इथून चीनमार्गे भिक्खूंबरोबर तिकडे गेलेली. धायरीतल्या आमच्या घरात बुद्धमूर्तीपुढे आई रोज मेणबत्ती लावते. त्यामुळे मला त्यात परकं काही वाटलंच नाही. मी शिरस्त्राणाच्या कपाळावर एक बीजाक्षर कोरलं आणि काम पुढे पाठवलं.

आमचे टीम लीड शनिवार पेठेतले, वाचणारे, बोलायला अतिशय मऊ. ते म्हणाले, "काम छान आहे, पण पुरेसं जपानी वाटत नाहीये." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नमुन्यादाखल बदल करून दाखवला. दोन्ही पोटऱ्यांच्या पट्ट्यांवर ध्यानस्थ बुद्धांचे सोनेरी चेहरे होते.

मी म्हणाले, "सर, बुद्ध पायावर नाही चालणार."

"का? ते लोक बुद्ध मानतातच की."

"मानतात म्हणूनच. ते डोक्यावर, छातीवर लावायचे. चिखल तुडवणाऱ्या पायांवर नाही. तुम्ही पोटरीवर गणपती लावाल का?"

ते हसले. "अगं, गणपतीचं वेगळं आहे. तो आपला देव आहे. हे जपानी आहे."

बुद्ध जपानी. आणि 'आपला' म्हणताना या माणसाने मला कुठे उभं केलं होतं? माझं आडनाव त्यांना माहीत होतं. वैशाख पौर्णिमेला मी पेढे वाटते तेव्हा दोन दोन उचलणारेही हेच. मी एवढंच म्हणाले, "सर, आमच्या घरी बुद्धच आहेत." त्यावर ते म्हणाले, "हो हो, आदर आहेच. पण कामात इतकं पर्सनली घेऊ नये."

घरी सांगितलं तेव्हा आई संतापली. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, साहेबांशी भांडण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "ते चेहरे तुला बसवायला सांगितलेत?"

"उद्या सांगतील."

"मग उद्या नाही म्हण. नोकरी सोडू नकोस, पण त्याला हात लावू नकोस."

मी तसंच केलं. लीडनी पायांचं काम शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दिलं आणि मला दोन दिवस नमस्कारसुद्धा केला नाही.

मग क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे जपानी कलादिग्दर्शिका होत्या. त्यांनी मॉडेल हळूहळू फिरवून बघितलं, पायांपाशी थांबल्या आणि सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "हे चेहरे इथे नकोत. आमच्याकडे असं कुणी करणार नाही." मग शिरस्त्राण जवळ आणून म्हणाल्या, "हे अक्षर मात्र अगदी योग्य जागी आहे. कुणी अभ्यास केला?"

"आमच्या टीमने," लीड म्हणाले. "आणि पायांबद्दल आम्हालाही शंका होतीच."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मी बोलले तर ते पर्सनल, आणि तेच बाईंनी म्हटल्यावर आता हे मान डोलवत वहीत टिपून घेत होते. कॉल अजून चालू होता. मी माइक सुरू केला आणि म्हणाले, "ते अक्षर मी कोरलं. चेहऱ्यांना विरोधही मीच केला होता. मी बौद्ध आहे."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि किंचित वाकून आभार मानले. लीडनी वही मिटली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "क्लायंटसमोर हे बरं दिसलं नाही."

"पोटरीवर बुद्ध बरे दिसत होते?" मी विचारलं.

त्यांनी माफी मागितली नाही. आजतागायत मागितलेली नाही. मी जागेवर जाऊन पायांची फाइल उघडली, दोन्ही चेहरे काढून टाकले आणि त्या जागी साध्या काळ्या लाखेच्या पट्ट्या बसवल्या.