उदबत्त्या वळणारी अक्का

श्रीरामपुरातल्या आमच्या गल्लीत तेव्हा दुपारभर ओल्या उदबत्त्यांचा वास दरवळायचा. समोरच्या ओसरीवर अक्का पाटावर उदबत्त्या वळत बसलेली असे. मनगटापर्यंत काळे हात, आणि दर वाक्यात एक तरी कानडी ‘स्वल्प’, म्हणजे ‘थोडं’. “स्वल्प सर गं, उन्हात वाळू देत.” तिचं खरं नाव आम्हांला कधी कळलंच नाही.

शेजारच्या खोलीतला गिरणी कामगार बायकोला मारायचा. तिचं रडणं सुरू झालं की आई खिडकी लावून घेई. एका दुपारी मात्र अक्का तशाच काळ्या हातांनी उठली, त्याच्या दारात गेली आणि त्या पोरीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

“ही आमच्या घरातली गोष्ट आहे!” तो ओरडला.

“घरातली? मग गल्लीभर कशी ऐकू येते रे?”

अक्का तिला घेऊन पोलीस ठाण्याकडे निघाली. आईनं घाईघाईनं चपला घातल्या आणि तीही मागोमाग गेली. तिथला शिपाई म्हणे, “नवरा-बायकोचं भांडण, घरी जा.” अक्कानं पायरीवरच बसकण मारली. “सरी, बरं तर. साहेब येईपर्यंत बसतो आम्ही.”

साहेबांनी नवऱ्याला बोलावून चांगला दम भरला. पण ती पोरगी त्याच्याकडे परत गेली नाही. अक्काच्याच घरी राहिली, तिच्या शेजारी बसून उदबत्त्या वळायला शिकली.

ठाण्यावरून परतल्या त्या संध्याकाळी बाबांनी जेवताना आईला विचारलं, “तू कशाला गेलीस तिथं?”

आई वाढता वाढता थांबली.

“आजवर कशी गेले नाही, तेच मला कळत नाही,” ती म्हणाली.