सिनेमातले जजसाहेब

उमरेडकरांना कुठलाही प्रश्न विचारला की ते आधी चष्मा काढत. "चहा घेणार का?" एवढंच विचारलं तरी चष्मा काढायचा, त्याच्या दांड्या एकेक करून मिटायच्या, समोरच्याकडे रोखून बघायचं आणि मग "घेऊ" म्हणायचं. चष्म्याला नंबर नव्हता. हे मला चार-पाच भेटींनंतर कळलं, कारण वर्तमानपत्र वाचतानाही ते तो काढूनच ठेवत.

दत्तात्रय उमरेडकर आमच्याच इमारतीत, नागपूरच्या प्रतापनगरात, तळमजल्यावर राहत. तरुणपणी ते मुंबईला गेले आणि वीस-बावीस वर्षं हिंदी सिनेमांत न्यायाधीश होते. तीसेक सिनेमे, तीसेक न्यायाधीश. एकदा पोस्टमनही झाले होते, पण तो विषय त्यांना आवडत नसे. शेवटच्या रिळात काळा डगला घालून उंच खुर्चीत बसायचं, हातोडी आपटायची, दिलेलं वाक्य म्हणायचं आणि निर्दोष माणसाला सोडून द्यायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सगळ्या सिनेमांतले त्यांचे प्रसंग एकापुढे एक लावले, तर तेवढ्या वेळात चहाला उकळी फुटेल, कदाचित चहा गाळूनही होईल. पडद्यावर नावांची यादी यायची तिच्यात ते 'और अन्य'मध्ये असत.

काम मिळेनासं झालं तेव्हा ते परत आले. "मुंबईनं मला सोडलं नाही, मीच तिला मुक्त केलं," असं ते सांगत. इथे त्यांना जजसाहेब म्हणू लागले आणि त्यांनी ते मनावर घेतलं. कॉलनीच्या गणपतीत त्यांचा सत्कार दरवर्षी होई. सत्काराला उत्तर देताना ते म्हणत, "हिरो येतात, जातात. खुर्ची माझी असते." आणखी एक वाक्य ठरलेलं होतं, "कायदा कोणीही वाचतो हो, न्याय द्यायला चेहरा लागतो." टाळ्या पडत. मीही वाजवल्या आहेत. सुटका लवकर होते.

हळूहळू लोक त्यांच्याकडे भांडणं घेऊन येऊ लागले. पार्किंगच्या भांडणात त्यांनी दोन्ही बाजूंना गाड्या रस्त्यावर लावायला सांगितल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपली स्कूटर लावली. असल्या निकालांनी कोणाचं फारसं बिघडत नव्हतं, म्हणून मी हसत होतो. मग विमलताईंचं प्रकरण आलं.

विमलताई मागच्या गल्लीत राहत. नवरा गेल्यापासून डबे करून घर चालवत होत्या. माहेर नरखेड तालुक्यातलं. वडिलांच्या मागे पाच एकर संत्र्याचा बगीचा, आणि वारस दोनच, त्या आणि धाकटा भाऊ रमेश. त्यांना आपला अर्धा हिस्सा हवा होता. गुडघे गेले होते, डबे किती दिवस होणार, असा साधा हिशेब होता. रमेश वर्षभर टोलवत होता. एक दिवस तोच म्हणाला, तुमच्याकडचे जजसाहेब आण, ते सांगतील ते मान्य.

मी विमलताईंना म्हटलं, वकिलाला विचारा. त्यांनी ऐकलं नाही. दुपारी डबे गेले की त्या टीव्हीवर जुने सिनेमे बघत, आणि त्यांत उमरेडकरांनी एकाही गरीब बाईवर अन्याय होऊ दिला नव्हता. "मी पाह्यलं हाये न भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या मानसाच्या हातून उलटा निकाल होतच नाही."

मार्चातल्या उन्हात मी माझ्या गाडीने दोघांना घेऊन गेलो. उमरेडकर काळ्या कोटात. घराच्या छपरीत त्यांच्यासाठी खुर्चीवर नवा टॉवेल टाकला होता, समोर पंधरा-वीस माणसं. सगळ्यांचं ऐकून घेण्याचा अभिनय त्यांनी उत्तम केला. मग रमेशने स्टॅम्पपेपर पुढे केला. उमरेडकरांनी चष्मा काढला, दांड्या मिटल्या आणि कागद वाचला. विमलताई बगीच्यावरचा हक्क राजीखुशीने सोडत आहेत, असा त्याचा मतलब होता. तो लोकांच्या ध्यानात यायच्या आत ते उभे राहिले आणि म्हणाले, "बहीण ही घराची लक्ष्मी. आणि लक्ष्मीची वाटणी होत नसते."

छपरीत वा-वा झाली. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. विमलताईंनी सही केली, त्याखाली पंच म्हणून उमरेडकरांनी, इंग्रजीत, वळणदार. मी खांबाला टेकून उभा होतो. कागद मला वाचता येत होता, तोंडही होतं. पण एवढ्या माणसांत कोण बोलणार, असं मी स्वतःला सांगितलं.

डिकीत संत्र्यांचे दोन क्रेट घेऊन आम्ही परत निघालो. काटोल मागे पडल्यावर विमलताईंनी मागच्या सीटवरून विचारलं, "साहेब, म्हंजे मले भेटलं काय?"

उमरेडकर वळले नाहीत. "मान," ते म्हणाले. "मान भेटला तुला, विमल."

संत्री गोड होती, असं उमरेडकरांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तीन महिन्यांनी विमलताई तलाठ्याकडे गेल्या, तर सातबाऱ्यावर फक्त रमेशचं नाव. मग मात्र त्यांनी वकील केली. तालुक्याच्या कोर्टात दावा लागला आणि सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं. विमलताईंनी समजून-उमजून हक्क सोडला, की त्यांना फसवलं? रमेशने आपला साक्षीदार म्हणून उमरेडकरांना बोलावलं. समन्स आलं तसे उमरेडकर ते घेऊन इमारतीभर फिरले. "शेवटी कोर्टाला माझी गरज पडलीच," असं त्यांनी लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितलं.

साक्षीलाही त्यांना मीच गाडीने नेलं. खरं कोर्ट बघून त्यांची निराशा झाली. खोली लहान, पंखा कुरकुरत होता, न्यायाधीश पस्तिशीचे आणि त्यांना सर्दी झालेली. उमरेडकरांना पिंजऱ्यात उभं केलं; तिथे ते आयुष्यात प्रथमच उभे राहत होते. विमलताईंची वकील तरुण मुलगी होती. तिने विचारलं, सातबारा पाहिला होता का? नाही. विमलताईंना कागद वाचून दाखवला होता का? सारांश सांगितला होता. कोणता? त्यांनी लक्ष्मीचं वाक्य म्हणून दाखवलं. न्यायाधीशांनी मान वर न करता, विचारलं तेवढंच सांगा, असं सुचवलं.

"मग कागदावरचा हा सगळा मजकूर तुमचाच?" वकिलीण म्हणाली.

इथे उमरेडकर दुखावले. चष्मा निघाला.

"हे मराठी माझं आहे असं वाटतं का तुम्हाला? रमेशनं आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. मी फक्त लक्ष्मीचं वाक्य घातलं."

रमेशचा वकील उठून उभा राहिला आणि परत बसला. न्यायाधीशांनी पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे दोघांचं ऐकून घ्यायच्या आधीच निकाल लिहून तयार होता?"

"साहेब, निकाल आधीच लिहिलेला असतो," उमरेडकर समजावणीच्या सुरात म्हणाले. "हातात कागद देतात, आपण वाचायचा. उभ्या आयुष्यात मी एकही निकाल स्वतः लिहिलेला नाही."

न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि टंकलेखकाला, हे जसंच्या तसं घ्या, असं सांगितलं.

उमरेडकरांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. सुमार भाषा आपल्या नावावर जमा होते आहे, एवढंच त्यांना खुपलं होतं. परतीच्या वाटेवर त्यांची एकच तक्रार होती, "काही दम नाही गा त्या जजमध्ये. शेवटच्या रांगेत आवाज पोचत नाही." आपल्या साक्षीने काय झालं हे मी त्यांना गाडीत दोनदा सांगून पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

निकाल विमलताईंच्या बाजूने लागला. अडीच एकर त्यांच्या नावावर चढलं.

पुढच्याच वर्षी उमरेडकर गेले. समाजभवनात शोकसभा झाली. बोलणाऱ्यांतला जो तो त्यांच्या न्यायबुद्धीबद्दल बोलत होता. एकाने तर ते न्यायव्यवस्थेचे आधारस्तंभ असल्याचंही सांगून टाकलं. विमलताईंचं नाव यादीत नव्हतं. त्या आपणहून उठल्या, माइककडे गेल्या आणि तो तोंडापाशी न आणताच बोलल्या.

"त्यायनं माह्यं वावर घालवलं, अन् त्यायनंच वापस देल्लं. दोन्ही डाव त्यायले समजलं नाही का आपण काय करून राह्यलो."

मागे कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घाईघाईने दोन मिनिटांचं मौन जाहीर केलं. ते एका मिनिटात आटोपलं.