शेऱ्याचा रकाना

एका विद्यार्थिनीच्या आजारपणाची नोंद मी शाळेच्या रजिस्टरातून परक्या माणसाला वाचून दाखवली. आज कपाट उघडताना डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी थेट नौपाड्यातल्या शाळेच्या त्या कचेरीत जाऊन बसलो. साल पन्नासच्या आसपासचं, मी नवाकोरा कारकून.

डोंबिवलीचे एक गृहस्थ आले. आमच्या अकरावीतल्या कुसुमशी त्यांच्या मुलाचं लग्न ठरत आलं होतं. "मुलीची नोंद काय आहे, बघू जरा," म्हणाले. माझ्या वळणदार अक्षराचं कौतुक होईल या आशेनं मी रजिस्टर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यापर्यंत खणखणीत वाचत गेलो: 'छातीच्या विकारामुळे एक वर्ष गैरहजर.' गृहस्थांनी छत्री उचलली. त्यांच्यासाठी मागवलेला चहा मीच प्यायलो, आणि खरं बोलल्याच्या समाधानात तो गोडही लागला. ती ओळ माझ्या अक्षरात असली तरी माझी नव्हती, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

लग्न मोडलं. तिसऱ्या दिवशी कुसुम स्वतः हेडमास्तरांसमोर उभी राहिली. मलाही आत बोलावलं गेलं. मी पुटपुटलो, "त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं."

ती शांतपणे म्हणाली, "भाऊसाहेब, उद्या चोरानं किल्ली कुठंय विचारलं, तर तेही सांगाल तुम्ही."